घडी आणि सही

पॅराशूट नीट बांधलं गेलंय का, हे खात्रीनं कळण्याचा एकच मार्ग आहे: ते उघडून बघायचं. पण उघडून बघितलं की पुन्हा बांधावं लागतं, म्हणजे खात्री तिथंच संपली. स्कूटरचा ब्रेक दुरुस्त करणारा गल्लीत एक चक्कर मारून येतो आणि मग गिऱ्हाइकाच्या हातात किल्ली देतो. आम्हाला ती सोय नव्हती. माणसाच्या पाठीवर जे जातं ते नेहमी वापरून न पाहिलेलंच असतं. तपासलेली असते ती फक्त बांधायची रीत. माझी सगळी नोकरी या अडचणीभोवती फिरली, आणि निवृत्तीनंतर छत्रपती संभाजीनगरात येऊन राहिलो तरी ती सुटली नाही.

मी मूळचा कन्नड तालुक्यातला. भरती झालो तेव्हा बंदूक हातात येईल असं वाटत होतं. आली सुई, हुक आणि नायलॉन. आग्र्याच्या पॅकिंग शेडमधून पहिल्यांदा सुट्टीवर घरी आलो आणि सांगितलं की मी पॅराशूटच्या कामावर आहे, तेव्हा आमच्या एका मावशीनं प्रेमानं विचारलं होतं, ‘मग तेल स्वस्तात मिळतं का रे तुला?’ निळ्या बाटलीपलीकडचं पॅराशूट आमच्या भागात कुणी पाहिलेलंच नव्हतं. पुढं बरीच वर्षं मी समजावण्याचा नाद सोडून ‘नाही मिळत, मावशी’ एवढंच म्हणत असे.

शेड म्हणजे लांबच लांब गुळगुळीत टेबलं. एका टोकाला कॅनोपीचा, म्हणजे छत्रीच्या कापडाचा, माथा, दुसऱ्या टोकाला हार्नेस, मध्ये ताणून धरलेल्या दोऱ्या. उडी मारून परत आलेलं पॅराशूट आधी उंच टांगून झटकायचं, वाळवायचं. गवताच्या काड्या, कुसळं, मेलेले किडे, मलपुऱ्याच्या उडीच्या मैदानाची माती हे सगळं बाहेर पडेपर्यंत त्याला टेबल दिसत नसे. मग एकेक पाखं हातानं चाचपायचं. पिनेच्या टोकाएवढं भोक, घर्षणानं चकाकलेला पट्टा, उसवलेला टाका. डोळ्यांआधी बोटांना कळतं, हे पहिल्या काही महिन्यांत मला पटत नव्हतं. नंतर बोटं थांबली की डोळे तिकडं जायला लागले.

आमचे उस्ताद बुटके, कमी बोलणारे होते. त्यांनी कधी ‘काळजीपूर्वक कर’ असं म्हटल्याचं मला आठवत नाही. ते म्हणत, ‘थांब.’ पॅकिंगचे टप्पे ठरलेले असतात आणि प्रत्येक टप्प्यावर बांधणाऱ्यानं हात मागं घ्यायचे असतात. दोऱ्या सुट्या आणि सरळ आहेत का, पाखांची घडी दोन्ही बाजूंनी सारखी आहे का, दोऱ्या रबर बँडमध्ये बसल्या आहेत का, हे दुसऱ्या माणसानं येऊन बघायचं. त्यानं मान हलवल्याशिवाय पुढचा हात लावायचा नाही. मध्येच कुणी हाक मारली, जेवणाची घंटा झाली, तर त्या टप्प्याची सुरुवात पुन्हा करायची. ‘इथपर्यंत झालं होतं’ हे वाक्य शेडमध्ये चालत नसे. आणि शेवटी हत्यारांची मोजणी. घडीवर ठेवायच्या वजनाच्या पिशव्या, दोऱ्या ओढायचा हुक, तात्पुरत्या पिना. पिनांना लाल फिती बांधलेल्या असत, कारण आत विसरलेली पिन बाहेरून दिसत नाही. एक हत्यार कमी भरलं की त्या टेबलावरचं बांधलेलं सगळं उघडायचं. चिडचिड व्हायची. पण ते हत्यार कुणाच्या पाठीवर आहे हे शोधायचा दुसरा उपाय सांगा.

नवखा माणूस चुकेल म्हणून ही व्यवस्था आहे, असं मला आधी वाटायचं. तसं नाही. नवखा घाबरून दहादा बघतो. ही व्यवस्था असते ती हात बसलेल्या माणसासाठी. हात बसले की ते मन दुसरीकडे असतानाही चालतात, आणि काम संपल्यावर आठवतं ते आजचं नसतं, कालचं असतं. मी लूप ओवला का? हो, ओवला. पण आज की काल? याचं उत्तर आठवणीतून काढायचं नाही, ते दुसऱ्याच्या डोळ्यांतून आणि कार्डावरच्या सहीतून काढायचं. सही ही आमच्याकडे मानाची गोष्ट नव्हती. काही झालं तर पहिल्यांदा कुणाला बोलवायचं एवढाच तिचा अर्थ.

पॅराशूटचं काम आपल्याकडे जुनं. कानपूरचा पॅराशूट कारखाना १९४१चा, दुसऱ्या महायुद्धातला; २०२१ साली आयुध कारखान्यांच्या कंपन्या झाल्या तेव्हा तो ‘ग्लायडर्स इंडिया लिमिटेड’ झाला. त्याच युद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जनरल स्लिम यांना रसद टाकायला पॅराशूट पुरेनात. रेशीम-नायलॉन मिळेना, म्हणून कलकत्त्याच्या गिरण्यांकडून चक्क तागाची पॅराशूट करून घेतली गेली. काही दिवसांत तयार, किंमत नेहमीच्या पॅराशूटच्या मानानं किरकोळ. तांदळाची पोती, दारूगोळा त्यांनी उतरवला. माणसं मात्र त्यांवर उतरवली नाहीत. आमच्या कामात ही रेघ फार ठळक आहे. मालाच्या पॅराशूटचा शेकड्यात हिशोब करता येतो, माणसाच्या नाही.

११ डिसेंबर १९७१ला टांगाईलजवळ दुसरी पॅरा बटालियन उतरली. ही मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन, १९५२ साली पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेलेली. त्या उडीबद्दल बरंच लिहिलं गेलंय आणि ते योग्यच आहे. पण त्या दुपारी एका पाठोपाठ एक उघडलेल्या त्या शेकडो छत्र्या कुणीतरी बांधल्या होत्या, त्याचं मला जरा जास्त कौतुक. तेवढा पक्षपात मी करणार.

२०१५च्या ऑगस्टमध्ये महेंद्रसिंह धोनी आग्र्याला पॅरा कोर्ससाठी आला, मलपुऱ्याच्या मैदानावर एएन-३२ विमानातून त्यानं उड्या मारल्या. हे मी निवृत्त झाल्यावरचं, टीव्हीवर पाहिलेलं. शेजारचे म्हणाले, त्याचं पॅराशूट स्पेशल असणार. हसू आलं. पाच उड्या सगळ्यांनाच, रांग सगळ्यांनाच, आणि बांधणाऱ्याला ते कुणाच्या पाठीवर जाणार हे माहीत नसतं. ते माहीत नसणंच चांगलं. ओळखीच्या माणसाचं पॅराशूट मी जास्त जपून बांधलं असतं, तर बाकीची कशी बांधत होतो, असा प्रश्न उभा राहिला असता.

नोकरीच्या उत्तरार्धात मी गोल छत्र्यांकडून फ्री फॉलच्या आयताकृती कॅनोप्यांकडे आलो. गोल छत्री एका अर्थानं सोशिक असते: विमानातल्या तारेला पट्टी अडकवलेली, सुमारे १२५० फुटांवरून बाहेर पडलं की तीच ओढून उघडते, जवानाला काही करायचं नसतं. आयताकृती कॅनोपी म्हणजे शिवलेल्या नळ्यांचा पंखच. पुढची तोंडं उघडी, त्यांतून हवा भरते आणि कापड कडक होतं. ती वळते, पुढं सरकते, ब्रेक लावला की हळू होते. आणि ती उघडते तेव्हा माणूस ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास खाली येत असतो. त्या वेगात तेवढं कापड एका क्षणात फुललं तर कापड तरी फाटेल नाहीतर माणूस तरी. म्हणून दोऱ्यांवर स्लायडर असतो. चार कोपऱ्यांना चार कड्या असलेला चौकोनी कपडा, बस. कॅनोपी पसरू बघते तेव्हा तो खाली ढकलला जातो, समोरून येणारी हवा त्याला वर रेटते. या दोघांच्या भांडणात काही सेकंद जातात आणि तेवढ्यात माणूस वाचतो. बांधताना स्लायडर थेट वरच्या थांब्यांना टेकलेला हवा. तो चार बोटं खाली राहिला तर कॅनोपी उघडेल, पण मान धरून बसावं लागेल अशी.

दुसरी वस्तू म्हणजे खांद्यावरच्या तीन कड्या. बिल बूथ नावाच्या अमेरिकन माणसानं सत्तरच्या दशकात काढलेली युक्ती. मोठी कडी हार्नेसला, मधली आणि लहान रायझरला, म्हणजे कॅनोपीच्या दोऱ्या ज्याला जोडतात त्या पट्ट्याला. मधली मोठीतून, लहान मधलीतून, आणि लहान कडीवरून दोरीचा एक बारीक लूप, त्यात पिवळी केबल. माणसाचं सगळं वजन मोठ्या कडीवर, पण प्रत्येक कडीला ते कमी होत होत त्या बारीक लूपपाशी येतं तेव्हा बोटानं धरता येईल इतकं उरतं. म्हणून मुख्य कॅनोपी बिघडली, गुंडाळली, तर मूठ ओढली की केबल निघते, कड्या उलटतात, बिघडलेलं कापड उडून जातं आणि राखीव पॅराशूटला मोकळी हवा मिळते. इतकं साधं यंत्र मी आयुष्यात पाहिलं नाही, आणि ते चुकीचं जोडणंही इतकंच सोपं आहे. लूप फक्त लहान कडीवरून जायला हवा. तो मधल्या कडीतूनही गेला तरी वरवर सगळं जागेवर दिसतं, पण वजन वाटायचं गणित मोडतं.

ही माहिती घेऊन मी संभाजीनगरात काय करणार होतो? काहीच नाही. गारखेड्यात घर, सकाळी फिरणं, लष्करभरतीची तयारी करणाऱ्या पोरांना दोन गोष्टी सांगणं. तेवढ्यात वाळूजच्या एका कारखान्यात काम करणारा, ओळखीतल्या घरचा एक तरुण बॅग घेऊन आला. परदेशात त्यानं स्कायडायव्हिंगचा परवाना काढला होता, तिथूनच जुनी रिग विकत घेतली होती. हार्नेस आणि कंटेनर एकाकडून, मुख्य कॅनोपी दुसऱ्याकडून. ‘काका, फक्त जोडून द्या. पुढच्या महिन्यात थायलंडला जातोय.’

शीतल महाजन यांचं नाव त्यानं घेतलं, आमच्याकडे या खेळाचं नाव निघालं की त्यांचं निघतंच. पुण्याच्या या बाईंनी १८ एप्रिल २००४ला उत्तर ध्रुवावर उडी घेतली, २०११ला पद्मश्री मिळाली. २०१८ला पट्टायाला नऊवारी नेसून त्यांनी उडी घेतली तेव्हा सगळे पदर-पैठणीबद्दल बोलत होते. माझं लक्ष मात्र छातीजवळच्या मुठींकडे होतं. पदराचं एक टोक सुटून मुठीवर आलं तर? तेवढा विचार त्यांनी आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी केलेला दिसत होता. बांधलेलं, आवळलेलं, मुठी मोकळ्या. धाडस म्हणून लोक जे बघतात त्यातलं बरंचसं अशा बारीकसारीक तयारीचं असतं.

पोराला म्हटलं, बॅग आधी तिथून उचल. त्यानं ती इन्व्हर्टरच्या बॅटरीला टेकवून ठेवली होती. आपल्याकडे लोडशेडिंगपायी प्रत्येक हॉलच्या कोपऱ्यात ही बॅटरी असते, आणि नायलॉनचा पहिला वैरी आम्ल. दुसरा वैरी ऊन. मराठवाड्यात उन्हाचा तोटा नाही. गच्चीवर कॅनोपी पसरायची त्याची कल्पना मी तिथंच मोडली. तिसरा वैरी धूळ, जी डोळ्यांना दिसत नाही आणि दोऱ्यांच्या विणीत शिरून आतून धागे कापते. फरशी दोनदा पुसली. मे महिना, आणि पंखा बंद, कारण हे कापड इतकं हलकं आणि निसरडं असतं की पंख्याखाली घडी टिकत नाही. घरची मंडळी दुपारभर दुसऱ्या खोलीत कूलरसमोर बसली आणि आम्ही दोघं घामानं थबथबून हॉलमध्ये. घामसुद्धा कापडावर पडू द्यायचा नाही म्हणून डोक्याला पंचे.

त्याला वाटत होतं, मी लगेच कड्या अडकवायला लागेन. मी कागद मागितले. हार्नेसच्या पट्टीवर काय लिहिलंय, कॅनोपीचा आकार किती, हा कंटेनर किती आकाराच्या कॅनोपीसाठी आहे. मोठी कॅनोपी लहान कंटेनरमध्ये कोंबता येते, जोर लावला की मावते. मग वेळेला ती पिशवी बाहेर निघायला अडते. लहान कॅनोपी मोठ्या कंटेनरमध्ये सैल राहते, आणि सैल लूपमधून पिन नको तेव्हा निसटू शकते. विमानाच्या दारात निसटली तर मागच्या सगळ्यांचाही प्रश्न. सुदैवानं याचं माप जमत होतं.

मग दोऱ्या. एकेक गट रायझरपासून वरपर्यंत हातात धरून चालत जायचं. स्पेक्ट्राच्या दोऱ्या होत्या. त्या ताकदीला जबर, पण स्लायडर खाली येताना घासतो त्याच्या उष्णतेनं आखडतात, आणि सगळ्या सारख्या आखडत नाहीत, कडेच्या जास्त. ब्रेकच्या दोऱ्या आखूड झाल्या की त्यांचे टॉगल, म्हणजे मुठी, सोडलेले असतानाही कॅनोपी थोडी थोडी ओढलेलीच राहते. या कॅनोपीच्या ब्रेकच्या दोऱ्या तशा झाल्या होत्या. बाजारात मिळणारी कुठली तरी दोरी लावून द्याल का, असं त्यानं विचारलं. गुलमंडीवर नायलॉनची दोरी मिळते, ‘पॅराशूट कापड’ म्हणून बॅगा शिवायचं कापडही मिळतं. आमच्या शहरात हिमरू विणणाऱ्यांना एका धाग्याचा फरक कळतो, आणि हा पोरगा ज्या दोरीवर लोंबकळणार ती किलोच्या भावानं घ्यायला निघाला होता. कॅनोपी बनवणाऱ्या कंपनीकडून त्याच मापाचा दोऱ्यांचा संच मागवायचा आणि तो ज्याला अधिकार आहे त्यानंच बसवायचा, असं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

जोडणी करून बघितली, ती उडीसाठी नाही, समजण्यासाठी. डावा रायझर उजवीकडे गेला तर कॅनोपीचं तोंड मागं होतं आणि माणूस उलटा उडतो. कागदावर हे विनोदी वाटतं, पण असं झालेलं आहे. दोऱ्या रायझरला जोडणारी लिंक हातानं घट्ट करून मग पान्यानं थोडंसंच. जास्त आवळली की आटे चिरतात. मुख्य पॅराशूट बाहेर ओढणाऱ्या छोट्या छत्रीच्या, पायलट शूटच्या, ब्रायडलला म्हणजे जोडपट्टीला एक छोटी खिडकी असते, त्यात रंगीत दोरी दिसली तर पायलट शूट सज्ज आहे. दिसली नाही तर ते हवेत नुसतं लोंबत राहील, मुख्य पॅराशूट बाहेर ओढणार नाही. तीन कड्या मी त्याच्याकडूनच पुन्हा पुन्हा सोडवून जोडून घेतल्या. रायझर वाकवून मऊ करणं, केबल पुसून सिलिकॉन लावणं, हे साधारण महिन्याला करायचं असतं. त्याच्या केबलवर काळा चिकट थर होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे आमखास मैदानावर ताडपत्री अंथरून थोड्या वाऱ्यात कॅनोपी फुगवली. उजवा टॉगल ओढला की उजवीकडे वळते ना, तोंड पुढं आहे ना, एवढंच बघायचं होतं. क्रिकेटची पोरं खेळ टाकून गोळा झाली. एकानं विचारलं, ‘काका, हे घालून दौलताबादच्या किल्ल्यावरून उडी मारता येईल का?’ नाही, म्हटलं, आणि ताडपत्री गुंडाळली. असल्या प्रश्नांना लांब उत्तर द्यायचं नसतं.

खरा वाद झाला राखीव पॅराशूटवरून. ते पाठीवर वरच्या कप्प्यात. त्याच्या पिनेला लाल दोरा, दोऱ्यावर शिशाचं सील, सीलवर रिगरची, म्हणजे ते बांधणाऱ्या परवानाधारकाची, खूण. कार्डावरची तारीख केव्हाच उलटून गेली होती. अमेरिकेत २००८पर्यंत दर १२० दिवसांनी ते उघडून पुन्हा बांधावं लागे, मग ती मुदत १८० दिवस केली गेली. युरोपात काही देशांत वर्षभर चालतं. मुदत कितीही असो, एक गोष्ट सगळीकडे सारखी: मुख्य पॅराशूट उडी मारणारा स्वतः बांधू शकतो, राखीव फक्त परवानाधारक रिगरनं.

‘काका, तुम्ही तर आयुष्यभर हेच केलंत.’

केलं. पण लष्कराच्या शेडमध्ये, लष्कराच्या पॅराशूटवर, लष्कराच्या नियमानं आणि मागं दुसऱ्याचे डोळे असताना. या रिगचा परवाना माझ्याकडे नाही. मला ते उघडता आलं असतं, आणि खरं सांगायचं तर हातही शिवशिवत होते. बाहेर काढून, वारा देऊन, पुन्हा बांधूनही दिलं असतं. पण मग सील कुणाचं लावायचं?

‘ते कधी वापरलंच नाही, मग खराब कसं होईल?’ असं त्यानं विचारलं. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत काही गोल राखीव पॅराशूटांच्या जाळीतल्या आम्लानं शेजारचं कापड कमजोर केलं होतं. कपाटात पडून, एकही उडी न मारता. रिगरांना रासायनिक चाचणी करून आणि कापड ताणून बघावं लागलं. वापरलं नाही म्हणजे नवं राहिलं असं कापडाच्या बाबतीत होत नाही. शिवाय आत स्वयंचलित यंत्र होतं, जर्मनीतलं सायप्रेस. हे १९९१ला बाजारात आलं आणि त्यानं कितीतरी माणसं वाचवली. माणूस सुमारे २२५ मीटरवर अजून ताशी सव्वाशे किलोमीटरहून जास्त वेगानं पडत असेल, तर ते राखीवचा लूपच कापून टाकतं. पिन ओढायची वाटच बघत नाही. पण त्यालाही आयुष्य असतं, आणि त्याच्या यंत्राचं संपत आलं होतं.

त्यानं तिकीट रद्द केलं नाही. थायलंडमध्ये भाड्याची रिग घेऊन उड्या मारायच्या आणि ही तिथल्या परवानाधारक रिगरकडे द्यायची, असं ठरलं. किती पैसे झाले, असं त्यानं जाताना विचारलं. पैसे घेतले नाहीत, पण वहीचं पान फाडून लिहून दिलं. वर: काय तपासलं. खाली: काय तपासलं नाही. राखीव कॅनोपी, तिच्या दोऱ्या, सायप्रेस, राखीवची मूठ ओढायला किती जोर लागतो ते (ते काट्यानं मोजायचं असतं, २२ पौंडांच्या आत), हार्नेसचे आतले टाके. खालची यादी वरच्यापेक्षा लांब झाली. दोन्हीखाली तारीख टाकून सही केली. तो कागद कंटेनरच्या खिशात सरकवायला लागला, तेव्हा थांबवलं. तो खिसा राखीवच्या कार्डाचा. रिगर पहिल्यांदा तिथंच हात घालतो, आणि तिथं माझा कागद सापडला तर तो मलाही रिगर समजेल. मग त्यानं तो पासपोर्टच्या पाकिटात ठेवला.